ओहोटीची रेघ

आमी माहुलचे कोळी, काय सांगू तुम्हाला, बापूस होडीवर तांडेल, आजा तांडेल, मी पण तेच. आता समोर तेलाच्या टाक्या उभ्या नि खाडीत मासळी उरली नाय, म्हणून अंधेरीचा एक ठेकेदार लष्कराला पुराच्या कामासाठी होड्या पुरवतो, त्याच्याकडं मी होडी लावली. होडी ट्रकवर चढली की बायको हसायची, बोलायची, बघा, नवरीसारखी निघाली.

गेल्या पावसात कृष्णेकाठी नेलं आमाला. गावची माणसं जवानांनी शाळेच्या गच्चीवर हलवलेली, त्यांच्यासाठी माझ्या होडीत तांदूळ-डाळीची पोती, काठोकाठ, सोबत एक जवान. वाटेत एका घराच्या पत्र्यावर म्हातारा बसलेला, म्हशीपायी मागं राहिलेला. जवान बोलला, तांडेल, दोन पोती पाण्यात टाकू, ह्याला घेऊ. मी बोललो, थांब रे. भिंतीवर पाण्याच्या वर ओली रेघ दिसली ना मला, आमच्या खाडीत अशी रेघ दिसली की ओहोटी लागली समजायचं, लहानपणापासून डोळ्याला तेच ठाऊक. म्हाताऱ्याला बोललो, पाणी उतरतंय बाबा, माल शाळेत उतरवून येतो, बसा निवांत. तो हात जोडून बरं बोलला. जवानानं पण ऐकलं हो माझं, दर्यावरचा माणूस म्हणून ऐकलं.

नदीला कसली आलीय ओहोटी? ती ओल आमच्याच होडीच्या लाटेची होती, हे मला मागाहून कळलं.

शाळेत म्हाताऱ्याची बायको भेटली, आमचं म्हातारं दिसलं का, मी बोललो, दिसले मावशी, आत्ता आणतो. तिनं चहा पुढं केला, मी प्यालो, अहो बसून प्यालो. परत गेलो तर पाणी चढलेलं, घर नाय, पत्रा नाय, म्हातारा नाय.

पूर ओसरल्यावर गावानं मदत केली म्हणून शाल-नारळ दिला, ठेकेदारानं माझा फोटो ऑफिसात लावला, लाज वाटते तिकडं जायला. मावशीला वाटतं, होडीत जागा नव्हती, बिचारा काय करणार. पोती टाकायची गोष्ट निघाली नि मीच नको बोललो, हे तिला ठाऊक नाय. सणासुदीला फोन करते, लेका, जेवलास का, तुझी होडी सुखी राहू दे बोलते. दर वेळी सांगायला तोंड उघडतो नि पाऊस कसा हाय विचारतो.

यंदा परत ठेकेदाराचा फोन आला, जाणार हाय मी. तुमी हे लिहिताय ते छापून आलं की तिच्या नातीला पाठवा, ती वाचून दाखवेल आजीला. नि माझं नाव बदलू नका.