माझ्या तोंडची जाहिरात

ती तू आणलेली साडी उचल आधी खाटेवरनं – घडी मोडायची न्हाई मला. आन बस. चहा मिळणार न्हाई, पण बस. मागल्या खेपेला काय म्हणालास, रविराज? "आक्काबाई, जामखेडच्या बाजारात तुमी मिसरी कशी इकायच्या तेवढं सांगा, मला लिहायला शिकायचंय." मी येडी, सांगितलं. गिऱ्हाईक आलं की मालाचं नाव काढायचं न्हाई, आधी तिचं दुखणं इचारायचं. मग आपलं सांगायचं. मालातली एक बारकी खोड आपणच सांगायची, म्हंजी बाकीचं खरं वाटतं. आन उठायच्या आत पुडी हातात द्यायची – घरी जाऊन इचार करते म्हणाली की ती गेली. समदं मोबाईलमधी भरून घेतलंस. व्हय का न्हाई?

मग शेजारची ज्ञानेश्वरी तू लिहिलेली जाहिरात घेऊन आली. साखरेच्या आजाराची पुडी. माझ्या नातीनं वाचली – "बाई गं, पाय जळतात का? माझेबी जळायचे. चवीला कडूजहर हाय, खोटं कशाला बोलू. पण आजच मागव." माझं नाव न्हाई, गाव न्हाई, बोलणं समदं माझं. "बाई गं"सुदीक. ज्ञानेश्वरी म्हणाली, आक्का, हे तुमीच बोलल्यागत वाटतंय, म्हंजी खरं असंल. आन मी काय केलं? हसले. बरं वाटलं मला. अंगठा उठवणारी बाई मी, माझं बोलणं लिहून आलं हुतं. तिनं डाक्टरच्या गोळ्या सोडल्या. आता नगरच्या दवाखान्यात पडलीय, पायाची दोन बोटं काढली तिची.

तुला ठाऊक न्हवतं म्हणतोस? सावेडीच्या हापिसात पंख्याखाली बसून कसं ठाऊक असंल. मलाबी न्हवतं, गयाच्या टायमाला. गया म्हंजी माझी धाकटी बहीण. दाढ ठणकायची तिची. तिलाबी "बाई गं" म्हणूनच तंबाखूच्या मिसरीची पहिली पुडी दिली – चक्कर येईल जराशी, म्हणलं, पण दाढ गप. मग दिवसातनं पाच-पाच डाव लावायची. गालात आतनं चट्टा उठला, तवाबी मलाच इचारायला आली. आन मी म्हणलं – जाऊ दे, काय म्हणलं ते. – लावत राहा म्हणलं. वय झालं म्हणून मिसरी बंद केली, असं सांगितलं हुतं ना तुला? ते खोटं. त्या चट्ट्यानंच गया गेली, तवा बंद केली.

तर काढ मोबाईल. नवं बोलणं न्यायला आलास ना, देते. लिही. "बाई गं, पाय अजून जळतात का? ती पुडी माझ्या बोलण्यावर खपली. मी चुकले. आज ती उकिरड्यात टाक आन डाक्टरची गोळी चालू कर. उद्यावर ढकलू नको." बघ, दुखणं आधी, खोड आपणच सांगितली, आन आजच कर म्हणलं. तुला शिकवलं तसंच. ज्यांनी ज्यांनी पुडी मागवली त्यांचे नंबर हायेत तुझ्यापाशी. ज्ञानेश्वरीसारख्या कितीजणी अजून खात असतील. समद्यांना धाड. हितं बसून, माझ्या म्होरं.

लिही की. बोट का थांबलं?

काय म्हणालास? घरी जाऊन इचार करतो?

ऊठ. साडी राहिली बघ खाटेवर.