फुकट ई-मेल आणि बारा संशयी

फुकट म्हटलं की आपली माणसं आधी घाबरतात, हे मी क्लबात शिकलो. दुष्काळाचं साल होतं. आमच्या कॉम्प्युटर क्लबाच्या बाकीच्या बाराही सभासदांना ई-मेल मिळवून द्यायचाच, या जिद्दीनं मी एक फुकट सेवा शोधली.

त्यांच्यातले सिल्लोडचे काका म्हणाले, "फुकट टँकरामागं मतं मागणारा येतो. हे काय मागत्यात?"

"फक्त नाव-पत्ता, काका."

"बघ! तिथंच गोम हाय."

मी वैतागलो. "काही झालं तर जबाबदारी माझी!" मग सगळ्यांनी मुकाट फॉर्म भरले.

आठवड्यात माझ्यासकट सगळी खाती बंद. सेवावाल्यांनी कळवलेलं कारण, एकाच माणसानं तेरा उघडली!

"काका, माझं नाव टाकलंत?"

"जबाबदारी तुझीच होती ना? सगळ्यांनीच टाकलं. अन् बघ, म्हनलं नव्हतं? फुकटचं टिकत नाय!"