पुलाजवळचं वळण

खामगावहून पिंपळगाव राजाकडे निघालेल्या एसटीत शरयूबाईंच्या पुढच्याच बाकावर मायलेकी बसल्या होत्या. मागच्या वर्षी याच रस्त्यावर, पुलाजवळच्या वळणावर आई बसलेली बस कलंडली होती. तेव्हापासून आई आज पहिल्यांदा एसटीत चढली होती. लेकीनं केलेल्या विनवण्या शरयूबाईंनी स्टँडवरच ऐकल्या होत्या.

"हिमानी, मले उतरव. छाती धडधडून राह्यली."

"माहा हात धर. आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदराची गोष्ट आयक. घंटी वाजली का त्याले झटका बसे. मंग नुस्ती घंटी आयकूनच तो थिजून जाय."

"बिचारा! काऊन छळता त्याले?"

"आयक तं. आठवण वर आली का ती ओल्या मातीवानी नरम होते. तवा घंटी वाजवली अन् झटका देला नाही, तं 'झटका नाही बसला' हेही त्या आठवणीत मिसळते. आता तो घंटी वाजताना दाणे खाते."

"म्हंजे इसरला?"

"इसरला नाही. भेव गेलं. तू सांग, त्या दिवशी काय झालं?"

"बस तिरपी झाली, डोकं दांडीवर आपटलं. रोहिणखेडची एक बाई होती. वळख ना पाळख, तिनं सोताचा पदर फाडून माह्या डोक्याले बांधला. अन् मंग मलेच म्हने, 'बाई, माहे वांगे येचू लाग!' साऱ्या बसमंधी वांगेच वांगे!"

"अन् तू येचले?"

"हाव! रडता रडता येचले."

दोघी खळखळून हसल्या.

"ते वळण कवा येते वो?"

"मांगं गेलं, आई."

आई वळून मागच्या काचेतून रस्ता बघत राहिली.

"हिमानी, उद्या रोहिणखेडची गाडी किती वाजता हाय?"