डाव्या सीटखालचा चिखल

अरे, गाडी एक नंबर भेटली होती! करडी गावच्या काकाजीची सेकंडहँड, लहान, ॲव्हरेज मस्त. पन डाव्या सीटखालच्या मॅटवर रोज ओला चिखल. भर मे महिन्यात, गावचा तलाव आटला असताना! अन् गाडीत मी एकटाच. धुऊन धुऊन थकलो, शेवटी काकाजीले फोन लावला.

"माही बायको धानाच्या रोवण्यावरून चिखलाच्या पायानं त्याच सीटवर बसून घरी यायची," ते म्हनाले. "वारली बिचारी, पन अजून बसते. दार उघडून म्हना, 'घर आलं, उतर.'"

मी आमच्याच अंगणात दार उघडलं. "घर आलं, काकूजी. उतरा."

दुसऱ्या दिवशी मॅट कोरडी. मी खुश!

तेवढ्यात बायको आतून ओरडली, "अवो, सैपाकाच्या खोलीत हे चिखलाचे पाय कोनाचे?"