गुरूचा वरचा पट्टा

हॅलो? … प्रीती? मी विद्याश्री बोलतोय. आधी एक सांग. आकाश मंडळाच्या गच्चीवर दुर्बिणीतनं बघताना गुरूवर तुला पट्टे किती दिसले?

… ताप कसा हाय ते नंतर विचारतो. आकडा सांग.

… हसू नकोस गं. ही दीप्ती हितं माझ्या शेजारी बसलीय. वर्गातल्या बाकीच्या पोरींनी पैज लावलीय, की प्रीतीला हे विचारायची माझी छाती व्हायची न्हाय. जिवाभावाची मैत्रीण पडलीस ना तू. … तर विचारलं. आता सांग.

… "दोन असत्यात"? असत्यात किती ते मला पण पाठ हाय. तुला दिसले किती?

… बरं, राहू दे. आधी माझं ऐक, मग बोल.

अगं, आज प्रदर्शनाला गेलतो. आपल्या आकाश मंडळाचं. … हो, त्याच हॉलात. अप्पा दुकान बंद करून आलते, अव्वा नवी साडी नेसून आलती. आणि शिवशरण सर दारातच म्हणाले, या या, पहिला नंबर तुमच्या पोरीचा. … हो, माझा. … थांब, अभिनंदन कसलं करतीस. ऐक ना. अप्पांना तर जागेवरच उभं राहवेना. तिथनंच कुणाला तरी पेढ्यांना पिटाळलं. आणि मी आपला माझं चित्र शोधत निघालो.

शी, प्रीती. काय सांगू तुला. भिंतीला ओळीनं सगळ्यांची चित्रं. आणि सगळ्यांच्या गुरूला दोन पट्टे. एकासारखा एक. गणवेश घालून प्रार्थनेला उभे केल्यासारखे. वारा वेगळा, रात्र वेगळी, बघणारा वेगळा, आणि चित्र मात्र तेच. तुला म्हाईत हाय तसं का झालं. दुर्बिणीच्या शेजारी तो रंगीत तक्ता टांगलेला ना. एक डोळा दुर्बिणीत, दुसरा तक्त्यावर. निम्म्या पोरांनी तर दुर्बिणीला नुसतं नाक लावलं आणि तक्ता उतरवला.

… मी नाव नाही घेतलं तुझं. अजून.

आणि मग माझं चित्र दिसलं. … हो, माझंच, खाली सही हाय. पण त्यात वरचा पट्टा. … मी काढलेलाच न्हाय तो. तुला आठवतंय ना मी काय काढलेलं? खालचा पट्टा ठसठशीत, आणि वरचा जिथं पाहिजे तिथं नुसती ताकाच्या निवळीसारखी छटा, बोटानं पुसून पुसून काढलेली. आणि तो लालसर ठिपका एकटाच, उघडा पडल्यासारखा. सर टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावून उभे होते. म्हणत होते, हात चालवा, गुरू गरागरा फिरतो, बघता बघता ठिपका सरकतोय. कसं घाईनं काढलेलं मी. मान अवघडलेली. आणि त्याच्यावर, प्रीती, कुणीतरी काळ्या पेन्सिलीनं पट्टा ओढलाय. फूटपट्टी लावून. गुरूवर फूटपट्टी. पेढा तोंडात होता, तो गिळवेना की थुंकवेना.

… पट्ट्यानं काय फरक पडतोय? अगं खुळी का तू? पहिल्याच दिवशी सरांनी काय सांगितलं? गुरूला जमीन न्हाय, दिसतंय ते सगळं ढगच. ढग बदलत्यात, आख्खा पट्टा पण विरतोय कधीकधी. म्हणून तर बघायचं. रोज तेच असतंय तर गच्चीवर डास कशाला खात बसायचं, पुस्तक बघून घरीच झोपू की. आणि ही चित्रं सोमवारी मुंबईला जाणार. तिथनं पुढं, जगभरची चित्रं गोळा करणाऱ्या माणसांकडं. ती बिचारी आपला कागद खरा धरणार. खाली नाव कुणाचं? माझं.

… तेच केलं की. सरांना गाठलं. म्हटलं, सर, हा पट्टा मी काढलेला न्हाय. तर हसले. मुलांच्या नजरेतनं सुटतं म्हणाले, कुणीतरी सावरून घेतलंय, चांगलंच झालं. … व्हय, "सावरून" म्हणाले. जसं काय मी पायरीवरनं पडत होतो. अप्पा पण मान हलवायला लागले. मी म्हटलं, सर, तुम्ही ओढलाय का? तर न्हाय म्हणाले, माझ्या हातात कागद आला तो असाच आला. … आणि खोटं बोलत नव्हते ते. त्यांना कशाला बोलायचं खोटं, त्यांना तर तो पट्टा आवडलाय.

तर आता सांग. कागद कोण गोळा करत होतं? तूच ना?

… दीप्तीसमोर नको? … दीप्ती, तू जरा बाहेर जा गं. जा की. पैज जिंकलो मी, झालं. … गेली ती. आता बोल, प्रीती.

… काय? … ऐकू येईना, मोठ्यानं बोल. … परत सांग.

एक.

… तुला पण एकच दिसला.

… थांब. जरा थांब. … न्हाय, चिडलो न्हाय.

… प्रीती, तुला काय केलंस ते कळतंय का? त्या रात्री मी एकच पट्टा दिसतोय म्हटलं, म्हणून सरांनी घरी सांगितलं, पोरीची नजर तपासून घ्या. अव्वानं मला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. डोळ्यात थेंब घालून तासभर बाकावर बसलतो. डॉक्टर म्हणाले नजर चांगली हाय, तरी अव्वा रोज गाजराचा रस पाजायलीय. तो तसला कोमट रस. आणि तू शेजारी बसून बघत होतीस. तुला दिसलेलं तेच मला दिसलेलं, आणि तू एक शब्द बोलली न्हाईस.

… आणि मला सगळ्यात कशाची शिसारी येतीय सांगू? शेवटी शेवटी मला पण तो वरचा पट्टा दिसायला लागला. खरंच. सगळे म्हणत्यात म्हणून तिथं काळं काळं दिसायचं. परत बघितलं की न्हाय. परत कुणी म्हटलं की हाय. मला माझ्या डोळ्यांचाच वीट आलता.

… हो, कळलं, तू भ्यालीस. सरांना कसं सांगायचं, खरं हाय. पण मग तुझ्या कागदावर काढायचे की दोन. माझ्यावर फूटपट्टी कुणी लावली?

… कुणी?

… माझ्यासाठी.

… म्हणजे सर माझं चित्र बाजूला काढणार होते. सगळे हसणार होते. म्हणून तू ओढलास.

… रडू नकोस. … रडू नकोस म्हटलं ना, मला तसलं ऐकू आलं की आणखी किळस येतीय. … हे बघ. माझ्या डब्यातलं खा. माझी सायकल ने. माझ्या गणिताच्या वहीतनं उतरवून घे, घेतीसच तू. पण मी माझ्या डोळ्यानं बघितलेलं तुझं न्हाय गं. ते नीट करायला तुला कुणी सांगितलं?

… हो, माहीत हाय. पहिल्या नंबराला दुर्बीण हाय. उन्हाळाभर घरी. मला काय माहीत न्हाय व्हय? अप्पांनी गच्चीवर तिच्यासाठी जागा पण झाडून घेतलीय. … तू, मी, आपल्याच गच्चीवर, सर न्हाईत, तक्ता न्हाय. … लई छान वाटतंय ऐकायला. गप्प बसायचं आणि रविवारी बक्षीस समारंभात जाऊन घ्यायची. … आणि मग काय बघायचं तिच्यातनं? तो पट्टा परत उगवला तर मी कुणाला सांगू? आमच्या कोल्हापुरात तो गेलाच नव्हता म्हणतील.

… तुझं नाव घेणार न्हाय. भिऊ नकोस. तुझ्या कागदावरचं तू बघ. दोघींना एकच दिसला म्हटलं तर सर ऐकतील, एकटीचं ऐकणार न्हाईत, एवढंच सांगतो. पुढं तुझी मर्जी.

… न्हाय, मी काय करणार ते मला पण आत्ताच कळायलंय. … ठेवू नकोस. ऐक तू पण.

अप्पा… अव्वा… जरा हिकडं या की दोघं. … प्रीतीच हाय फोनवर, असू दे. … अव्वा, रस नको आता, खाली ठेव तो. … अप्पा, निपाणीच्या नागाप्पा काकांना रविवारी यायचं असलं तर येऊ देत, पण तुम्ही ठरवलेल्या फेटेवाल्याला नको म्हणून सांगा. बक्षीस मी घेणार न्हाय. … ऐकून तर घ्या. स्टेजवर मी जाणार हाय. सगळ्यांसमोर माझ्या चित्रावरचा वरचा पट्टा पुसणार, आणि खाली उतरणार. त्याच्याखालचं माझं पण थोडं पुसलं जाईल, जाऊ दे. … न्हाय अप्पा, दुर्बीण आपल्याकडं येणार न्हाय. मला फक्त एक चांगलं खोडरबर आणून द्या. घरातल्यानं कागद काळा होतोय.