गाळणीतला तारा

नाही, माझा आलेख भिंतीवर दाखवायचाच होता तर दाखवा, माझी ना नाही, पण किडलेल्या दाढेच्या शेजारी? तुम्हाला सांगतो, आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाची सभा सुट्टीच्या दिवशी एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरते, कारण डॉक्टर स्वतः सभासद आहेत आणि बाहेरच्या खोलीत खुर्च्या भरपूर आहेत. भिंतीवर एका दाढेचं भलंमोठं चित्र, किडलेला भाग काळा, आणि तिला खेटून, प्रोजेक्टरच्या उजेडात, माझा तारा. निवृत्त झाल्यापासून गच्चीवर मान अवघडेपर्यंत उभं राहून ज्याचं तेज मी टिपत आलो, तो तारा. आणि छडी घेऊन समोर उभे कोण? आमचे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त प्राध्यापक. म्हणजे पगार थांबला, शिकवणं चालू. छडी माझ्या आलेखावर टेकवून म्हणाले, "आपल्या सॉफ्टवेअरनं नेमकं काय गाळायचं, त्याचा हा उत्तम नमुना."

उत्तम म्हणाले, एवढंच काय ते कौतुक. लोक हसले. डॉक्टरही हसले, ज्यांची सगळी हयात लोकांना रडवण्यात गेली. मीही हसलो. काय करणार... काम सगळ्यांनी मिळून करायचं होतं ना.

आता हे सॉफ्टवेअर काय प्रकरण आहे ते सांगतो. मंडळात प्रत्येक जण आपापल्या गच्चीवरून तेच ते तारे बघतो आणि तेज वाढलं की कमी झालं याची नोंद ठेवतो. एक जण फोटो काढतो, दुसरा नुसत्या डोळ्यानं अंदाज करतो, तिसऱ्याचं घड्याळ मागे, चौथ्याच्या दुर्बिणीचा एक पाय लंगडा. कुठलीच नोंद दुसरीशी जुळत नाही. तर एका मोठ्या वेधशाळेनं कळवलं, की तुमच्या नोंदी आम्ही आमच्या अभ्यासात घेऊ, निरीक्षकांच्या नावांसकट छापू, पण सगळ्यांच्या एकत्र करून, तपासून, एकाच साच्यात पाठवा. नावांसकट, ऐकलंत ना? अहो, उभा जन्म मी कारकुनी केली. मसुदा माझा, सही साहेबांची. माझं नाव छापून येतं ते फक्त वीजबिलावर. आणि या ताऱ्याचं तेज उतरलंय असं मी मंडळात सांगितलं, तेव्हा हेच साडू म्हणाले होते, "उतरलं? उलट चढलंय." म्हणजे एक तर माझी नोंद वेधशाळेत जाणार, नाहीतर त्यांची. आणि चुकीच्या नोंदी वगळायची गाळणी कोणाच्या हातात? त्यांच्या!

त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच मी मनाशी ठरवलं, की यांना सोडायचं नाही.

संधी दिली ती त्यांच्याच सुनेनं. ती कंपनीत प्रोग्रॅमर आहे, आणि मंडळाचं सॉफ्टवेअर ती फावल्या वेळात लिहिणार होती. फुकट. साडूंना सून मिळाली आणि वर हे. तिनं सांगितलं, आधी काय बनवायचं ते ठरवा, मग मी लिहायला घेते. आराखड्याचा एकेक भाग एकेकानं लिहायचा, दुसऱ्यानं तपासायचा, आणि तपासणारा 'संमत' म्हणेपर्यंत तो भाग पुढे सरकणार नाही. तिच्या कंपनीत असंच चालतं म्हणे. साडू म्हणाले, छान पद्धत आहे. छान? अहो, दुसऱ्याचा कागद अडवायचा अधिकार तुम्ही वाटताय, आणि समोर कोण बसलाय? कारकून! मी हात वर केला. म्हटलं, साडूंचा भाग मी तपासीन, तेवढीच माझ्या हातून सेवा. काम सगळ्यांनी मिळून करायचं होतं ना.

साडूंचा भाग म्हणजे अर्थात गाळणी. त्यांनी लिहिलं, 'संशयास्पद नोंदी योग्य रीतीने वगळाव्यात.' मी शेरा मारून परत पाठवलं, 'संशय कोणाला? योग्य कोणाच्या मते? खुलासा व्हावा.' त्यांनी पानंच्या पानं खुलासा केला. मी लिहिलं, 'मागील संदर्भ जोडलेला नाही.' त्यांनी जोडला. मी लिहिलं, 'जोडलेला संदर्भ विषयाशी सुसंगत वाटत नाही. विचार व्हावा.' विचार व्हावा! तुम्हाला सांगतो, या दोन शब्दांखाली भल्याभल्यांची प्रकरणं कायमची निजलेली मी पाहिली आहेत. कोणी विचार करायचा, कधी करायचा, काही नाही, नुसता व्हावा.

बायको म्हणाली, "अहो, तुमच्या शेऱ्यांपायी ताईच्या घरी कोणी कोणाशी धड बोलत नाही. भावोजींचं जेवणावरचं लक्ष उडालंय." मी म्हटलं, "फार वाईट झालं," आणि ताटात आणखी थोडं वाढून घेतलं.

तेही काही कमी नाहीत. माझ्याकडे 'वापरणाऱ्यांसाठी सूचना' असा भाग होता, तो तपासायला त्यांनी मागून घेतला आणि माझी भाषा सुधारून पाठवली. माझी भाषा! ज्या माणसाच्या मसुद्यावर चार साहेबांना बढत्या मिळाल्या, त्याची! असे महिने गेले. बाकीच्यांचे भाग संमत होऊन बसले होते. आमचे दोघांचे इकडून तिकडे, तिकडून इकडे.

शेवटी एका सभेत सुनेनं लॅपटॉप मिटला. आवाज चढवला नाही, तीच तर भीती. म्हणाली, "बाबा, काका, गाळणी आता तुम्ही ठरवायची नाही. आकडे ठरवतील." मग तिनं समजावलं. प्रोग्रॅम प्रत्येकाच्या नोंदी बाकी सगळ्यांच्या नोंदींशी ताडून बघणार, जो सारखा भरकटेल त्याचं वजन कमी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा येणार, याच्यावर किती भरवसा ठेवायचा याचा.

तुम्हाला सांगतो, मला इतका आनंद पगारवाढीला झाला नव्हता. साडूंच्या गच्चीसमोर रस्त्याचा दिवा, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि दुर्बिणीत बघताना शेजारी उभ्या असलेल्याला व्याख्यान देण्याची खोड. हे तळाला जाणार! मी उठून म्हणालो, "भरवशाचा आकडा सगळ्यांना दिसला पाहिजे. इथे, याच भिंतीवर." तर साडू उठून म्हणाले, "माझं अनुमोदन. आणि तो नंतर कोणाला बदलता येऊ नये." मी म्हटलं, "सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय नियमाला हात लावायचा नाही." ते म्हणाले, "अगदी माझ्या मनातलं बोललात." सभेला वाटलं, समेट झाला. डॉक्टरांनी चहा मागवला. कसला समेट घेऊन बसलात... दोन माणसं एकमताने एकच खड्डा खणत होती, आणि प्रत्येक जण माप दुसऱ्याच्या उंचीचं देत होता.

मग चाचणीचा दिवस. सगळ्या जुन्या नोंदी प्रोग्रॅमला घातल्या. दाढेशेजारी नावं उमटली. सर्वांत वर डॉक्टर! ज्यांनी एकाही सभेत तोंड उघडलं नव्हतं, फक्त लोकांची उघडली होती, ते. तारा खरोखर मंदावला होता, थोडासाच, आणि ते प्रथम टिपलं होतं त्यांनी. ठीक आहे, म्हटलं. मी यादीत साडूंना तळापासून शोधायला लागलो. शेजारी साडू मला तळापासूनच शोधत होते. मी नाही. तेही नाहीत.

सून म्हणाली, "तुम्हा दोघांच्या नोंदी प्रोग्रॅमनं बाजूला काढल्यात. बाबांचा तेजाचा आकडा वर गेला की काकांचा खाली येतो. काकांचा वर गेला की बाबांचा खाली. कायम. या नोंदी ताऱ्यावर अवलंबून नाहीत, काका. एकमेकांवर आहेत."

आता याला काय म्हणायचं? अहो, बहिणी-बहिणी रोज फोनवर बोलतात, त्यात लपवण्यासारखं काय आहे? बोलता बोलता विषय निघतो, बायको मला सांगते, "भावोजींना आज तारा चांगला ठळक दिसला म्हणे." साडूंना दिसलं ते बरोबर असेल, असं आजवर कधी झालंय? मी पुन्हा वर जायचो, पुन्हा दुर्बिणीला डोळा लावायचो, आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, मला तो खरंच मंद दिसायचा. तिकडे साडूंचंही तेच. त्यांची बायको सांगायची, ते वर जायचे, त्यांना ठळक. तारा बिचारा कुठल्या कुठे आपला आपण जळतोय, आणि इकडे त्याचं तेज ठरवतायत दोन साडू.

सभा इतकी हसली, की डॉक्टरांना मध्येच आपल्या यंत्रांना धक्का लागू नये म्हणून उठावं लागलं. प्रोग्रॅमनं निकाल दिला, की हे दोघे मिळून एक निरीक्षक. दोघांची मिळून एक नोंद, छापलं तर नाव जोडीनं. नियम बदलायचा तर एकमत हवं. आणि एकमतासाठी मला साडूंपुढे जाऊन म्हणावं लागणार, की साडूभाऊ, मला मोकळं करा. मी म्हणालो नाही. तेही म्हणाले नाहीत. त्यापेक्षा जोडीनं फासावर गेलेलं परवडलं.

तर आता ते माझ्या गच्चीवर येतात. स्वतःची खुर्ची घेऊन. आल्या आल्या माझी दुर्बीण कशी चुकीच्या जागी आहे ते सांगतात. खाली दोघी बहिणी गप्पा मारत बसतात, त्यांच्या हसण्याचा आवाज वर येतो, कशाला हसतात ते आम्ही विचारत नाही. आधी ते बघतात, मग मी बघतो, आणि मग आम्ही एक आकडा ठरवायचा. ते वरचा सांगतात. मी खालचा. दोघांनी 'संमत' दाबल्याशिवाय सॉफ्टवेअर नोंद घेत नाही, काम सगळ्यांनी मिळून करायचं ना! रोज पाय दुखेपर्यंत वाद, आणि रोज आमच्या नावापुढे रकाना कोरा.

काल मात्र झालं. पहिल्यांदाच. त्यांनी वर पाहिलं, मी वर पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी संमत दाबलं, मी संमत दाबलं, आणि आमच्या दोघांच्या नावावरची पहिली नोंद मंडळात रुजू झाली...

'आभाळ भरलेलं. काही दिसलं नाही.'