सकाळचा चहा आणि आकाशातलं कोठार

मंडळी, खोटं बोलणं पाप, हे सगळ्यांना ठाऊक. पण खरं ठाऊक असून नुसतं गप्प बसणं? ते पाप की शहाणपण? बोला! ...कुणीच नाही? म्हणजे सवय जुनी दिसते! असू द्या, आजच्या कीर्तनातली गोष्ट ऐका.

पनवेलजवळ एक डेटा सेंटर! घाबरू नका आजोबा — तुम्ही रोज गुलाबावर ‘सुप्रभात’ लिहून पाठवता ना, तो गुलाब ज्या कोठारात मुक्कामाला जातो, ते! हजारो कॉम्प्युटर, चुलीसारखे तापलेले! त्यांना गार ठेवायचं काम इंदुमती ढमढेरे या इंजिनिअर बाईंचं. पंचवीस वर्षं बाईंनी हेच केलं.

एके दिवशी मालक पोफळेसाहेबांच्या मनात आलं — हे कोठार आकाशातच न्यायचं, पार अंतराळात! वर ऊन फुकट, म्हणजे वीज फुकट. आणि थंडी? कडाक्याची! गार करायला खर्चच नाही! इंद्राला कळतं, तर त्यानं भाडं मागितलं असतं!

अहवाल तयार. सही हवी इंदुमतीबाईंची. बाईंनी वाचलं — ‘गार करणे विनाखर्च’. हे साफ चूक होतं!

पोफळे म्हणाले, “मॅडम, मी खोटं बोला म्हणतोय का? काहीच बोलू नका! फक्त सही करा. आणि चीफ इंजिनिअरची खुर्ची रिकामी होतेय, बरं का!”

झालं! बाईंना ती खुर्ची दिसायला लागली — चाकांची, गोल फिरणारी! हसताय काय? तुम्ही तर पेन शोधत पळाला असता!

दुपारी चारला मीटिंग. टेबलाभोवती आणखी अकरा इंजिनिअर. बाईंनी पेन उघडलं. तेवढ्यात पोफळे म्हणाले, “कॅन्टीनचा चहा आला नाही वाटतं. मॅडम, तुमच्या थर्मासमधला द्या घोटभर. कोमटही चालेल.”

बाईंनी ओतला. साहेबांनी भुर्रकन घोट घेतला — आणि “आई गं!” करून उडालेच!

“केव्हा केला हा?”

“सकाळी सहाला, साहेब.”

“आणि अजून एवढा चटका?”

बाईंच्या हातात पेन, डोळ्यांपुढे खुर्ची! पेनाला टोपण लावलं... आणि बोलल्याच!

“साहेब, थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढलेली असते. उष्णता बाहेर वाहून न्यायला कुणी उरतच नाही. अंतराळातही हवा नाही! तुमचं कोठार वर या चहासारखं गरमच राहील. थंडी आहे, पण ती उष्णता ओढून नेत नाही!”

“म्हणजे अशक्य?”

“शक्य आहे! पण उष्णता नुसत्या किरणांनी बाहेर टाकायला दहा-बारा एकर पत्रे वर पसरावे लागतील. आणि यंत्र बिघडलं तर फिटर रिक्षा करून जाणार नाही. विनाखर्च मी लिहिणार नाही!”

पोफळ्यांनी जीभ चोळत अकरा जणांकडे पाहिलं. “तुम्हाला ठाऊक होतं हे?”

अकरा माना टेबलाकडे! सगळ्यांना ठाऊक होतं, मंडळी! सगळ्यांना!

अहवाल बदलला. कोठार खालीच राहिलं, आधी दोन-चार कॉम्प्युटरची एक लहानशी पेटी वर पाठवून बघायचं ठरलं. ते काम इंदुमतीबाईंना मिळालं. आणि खुर्ची? ती मिळाली त्या अकरांतल्या एकाला! हो! खरं बोललं की खुर्ची मिळते, असं सांगायला मी काय निवडणुकीला उभा आहे? पण त्या रात्री बाई गाढ झोपल्या, एवढं नक्की.

आता तुमच्याकडे येतो. हा आपल्या देवळाचा नवा सभामंडप — पत्र्याचा! उन्हाळ्यात आत भाजून निघणार, हे ठरवतानाच कुणाकुणाला कळत होतं? हात वर करा! ...बघा, कमिटीची पहिली रांग कशी छताकडे बघतेय!

लाजू नका. मीही होतो त्या बैठकीला. मलाही कळत होतं. पण तोंडात पेढा होता.

उघडा तोंडं! निदान देवाच्या नावाला तरी गप्प बसू नका — विठ्ठल! विठ्ठल!